केराचा ट्रॅक

१

शशिधर उकिडव्याचा धंदा माणसांना झोपवण्याचा. मँचेस्टरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो भूल द्यायचा, आणि वीस वर्षांत आपल्या हातून झोपलेला एकूणएक पेशंट उठला, असं तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात छातीठोकपणे सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे. न उठलेला कोणी उठून येऊन त्याला खोटं पाडणार होता थोडाच!

हॉस्पिटलातून सुटला की हा गृहस्थ घरच्या वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात लहान खोलीत शिरायचा. तिथे एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, हेडफोन आणि चाकं कुरकुरणारी एक खुर्ची. मंडळातल्या हौशी गवयांची गाणी तो मिक्स करून द्यायचा. त्यातही त्याची शिस्त अशी की ऑपरेशन थिएटरातल्या नर्सनी धडे घ्यावेत. आधी ट्रॅकना रंग: गळा लाल, पेटी पिवळी, तबला निळा. मग आवाज कमीजास्त करणारे सगळे फेडर तळाला. मग पहिला अर्धा तास एकाच स्पीकरवर ऐकायचं, कारण एका कानाला जे पटत नाही ते दोन कानांनी ऐकून काय सुधारणार, असं त्याचं म्हणणं. आणि सगळ्यात शेवटी श्वास. ओळ सुरू होण्याआधी गाणारा जो हवा ओढतो, तो आवाज शशिधर नेमका कापून काढायचा. सुरांच्या मधली जागा कशी स्वच्छ हवी, धुतलेल्या ताटासारखी.

कापलेलं मात्र तो फेकायचा नाही. तळाला एक ट्रॅक ठेवलेला असायचा, त्याचं नाव ‘केर’. कापलेला श्वास जिथल्या तिथे सरळ खाली ओढायचा आणि तो ट्रॅक म्यूट करून टाकायचा. ही सवय थिएटरातली. पोट शिवण्याआधी नर्स आत गेलेले बोळे आणि बाहेर आलेले बोळे मोजते. हिशोब जुळला नाही तर टाका पडत नाही.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात खोलीत आलेलं गाणं घरचंच होतं. मंजिरीचं. ती त्याची बायको, फार्मसिस्ट, मूळची मिरजेची. शब्द तिचे, चाल तिची, आणि मंडळाच्या सीडीवर तिचं हे पहिलंच गाणं. लंडनजवळ वेम्बलीला, रेकॉर्डिंगचा नाद असलेल्या हाईमकाकांच्या गॅरेजमध्ये ते रेकॉर्ड झालं होतं. आता मंजिरीला दमा. फार नाही, पर्समध्ये निळा पंप असतो तेवढा. पण माइकला काही लपत नाही.

“शशी, ते माझं हुंगणं आधी काढ,” ती म्हणाली. “प्रत्येक ओळीआधी अशी हवा ओढते, जसं काही कुत्रं मागे लागलंय.”

“थोडे ठेवू का? नॅचरल वाटतं.”

“एकही नको. लीलावती म्हणाली पाहिजे, ताईला दमा आहे ही अफवाच.”

लीलावती ही मिरजेची धाकटी बहीण. तिच्यापुढे कमी दिसायचं नाही, हा मंजिरीचा आयुष्यभराचा कार्यक्रम. तेव्हा शनिवारी सकाळी शशिधरनं मन लावून काम केलं. एक्केचाळीस श्वास निघाले. मोजून एक्केचाळीस. मंजिरीनं हेडफोन लावून गाणं ऐकलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“ही मी?”

“तूच. फक्त इस्त्री केलेली.”

२

सोमवारी सकाळी दोघं ट्रॅमच्या थांब्यावर उभी होती. थंडी अशी की प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. शाळेतल्या पोरींच्या, सूटवाल्यांच्या, एका भल्यामोठ्या कुत्र्याच्यासुद्धा. मंजिरी बोलत होती. लीलावतीच्या घरच्या लग्नाचा हॉल, त्याचं पार्किंग, केटररचा आगाऊपणा. शशिधर नेहमीप्रमाणे “हं” म्हणत होता आणि नेहमीप्रमाणे ऐकत नव्हता. मग त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं.

वाफ नव्हती.

मफलर असेल, असं त्याला वाटलं. मफलर हनुवटीच्या खाली होता. वारा असेल. वारा असता तर कुत्र्याचीही वाफ उडाली असती.

“मंजिरी, जरा तोंडानं श्वास सोड बघू.”

“इथे? लोकांसमोर?” ती खळखळून हसली. “काय रे, ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच पेशंट शोधतोस!”

हसतानाही तिच्या तोंडापुढची हवा काचेसारखी स्वच्छ होती.

ट्रॅममध्ये तो तिच्यासमोर उभा राहिला आणि धंद्याच्या सवयीनं मोजू लागला. निरोगी माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. बोलताना जरा कमी, पण घेतो. वाक्य संपलं की खांदा किंचित उचलतो, गळ्याजवळची खळगी हलते. मंजिरीचा खांदा उचलत नव्हता. वाक्य संपायचं, दुसरं सुरू व्हायचं, मध्ये काही नाही. जागा अगदी स्वच्छ. पंधरा मिनिटांनी तो उतरला तेव्हा त्याचा आकडा शून्यावरच होता.

“आपलं मोजणं चुकलं,” तो स्वतःशी म्हणाला. वीस वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

३

संध्याकाळी दार उघडलं तर घरात धूर. स्मोक अलार्म बोंबलत होता. मोहरी केव्हाच जळून कोळसा झाली होती आणि त्या करपलेल्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या धुरात मंजिरी शांतपणे फोडणी हलवत उभी होती. आठवड्यापूर्वी नुसती मिरची तळली तरी तिला खिडकीत जाऊन उभं राहावं लागायचं.

शशिधर खोकत आत धावला आणि गॅस बंद केला. “अगं, जळतंय सगळं!”

“हो?” तिनं कढईत बघितलं. “अरेच्चा. वासच नाही आला बघ.”

“सर्दी झालीय का?”

“छे रे. उलट इतकं मोकळं मला कधी वाटलंच नव्हतं. शनिवारपासून पंपाला हात लावलेला नाही.”

शनिवारपासून. शशिधरनं अलार्मखाली टॉवेल हलवता हलवता हा वार ऐकला आणि मुद्दाम विसरला. शिकलेल्या माणसाला ही कला साधते.

मंगळवारी त्यानं हॉस्पिटलातून बोटाला लावायचा चिमटा आणला, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा. नव्याण्णव. त्याला हायसं वाटलं. बुधवारी शहाण्णव. त्यानं चिमट्याची बॅटरी बदलली. पंच्याण्णव. त्यानं चिमटा स्वतःला लावून बघितला. अठ्ठ्याण्णव. मग स्टेथोस्कोप काढला आणि सोफ्यावर टीव्ही बघत बसलेल्या बायकोच्या पाठीला लावला.

“थंड आहे ते!” मंजिरी ओरडली.

“गप्प बस जरा.”

हृदय छान चाललं होतं. फुफ्फुसांच्या जागी मात्र काही नव्हतं. घरघर नाही, सूं नाही. भाड्यानं दिलेल्या खोलीच्या दाराला कान लावावा आणि भाडेकरू महिनाभरापूर्वीच निघून गेल्याचं कळावं, तसं.

छातीच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहायला तो बसलासुद्धा. पण लिहिणार काय? पेशंट आनंदात आहे, भूक चांगली, फक्त श्वास घेत नाही? गुरुवारी सकाळी आकडा एक्क्याण्णव झाला. मंजिरी गुणगुणत डबा भरत होती आणि तिचे ओठ जरासे निळसर होते. थिएटरात नव्वदच्या खाली आकडा गेला की शशिधर धावत असे. इथे धावायचं कुठे, हे त्याला ठाऊक होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं.

४

त्यानं हॉस्पिटलात आजारी असल्याचं कळवलं, मंजिरीलाही घरी थांबवलं आणि हाईमकाकांना फोन लावला. हाईमकाका सत्तरीचे. मुंबईतून तरुणपणी लंडनला आलेले, नाटकाच्या आणि रेडिओच्या लोकांबरोबर आयुष्य काढलेले, मराठी अजून भायखळ्याचं.

“काका, मंजिरीच्या गाण्याचं ओरिजनल आहे ना तुमच्याकडे?”

“आहे की. माझ्या मशीनवर आहे, शिवाय सीडीवर. का? उडवलंस की काय?”

“श्वास हवेत. मी कापले होते.”

“सगळे? अरे गाढवा. तुला मी सांगितलं होतं, श्वास जरा खाली घे, कापू नको. तुम्ही डॉक्टर लोक, सुरी दिसली की हात शिवशिवतो.”

“काका, प्लीज, लावून बघा ना.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून मंजिरीचा गळा ऐकू आला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. गाणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग सीडीचा ट्रे सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा तीच ओळ. हाईमकाका परत आले तेव्हा त्यांचा खट्याळपणा उतरला होता.

“शशिधर, तू माझ्या घरी आला होतास का मधे?”

“नाही.”

“मग हे कसं? दोन्हींवर श्वास नाहीत. मी समोर बसलो होतो रे. एकेक श्वास मी कानांनी ऐकलाय. तिसऱ्या ओळीआधी तर तिला थांबावं लागलं होतं, मी पाणी दिलं. तू कापलेस ते फेकलेस का?”

“नाही. केरात आहेत.”

“मग आधी ते उचल,” हाईमकाका म्हणाले. “मला कारण विचारू नको. मला काय माहीत!”

५

मंजिरी खाली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. शशिधरनं वर गाणं उघडलं आणि तळाच्या ट्रॅकचं म्यूट काढलं.

ते श्वास नुसते असे त्यानं कधी ऐकले नव्हते. गाण्याविना, एकामागून एक. कोणीतरी अंधाऱ्या जिन्यावरून वर यावं आणि दर पायरीला थांबावं, तसे ते वाटत होते. त्यानं घाईनं आवाज कमी केला आणि पहिला तुकडा केरातून उचलून लाल ट्रॅकवर, त्याच्या जागी ठेवला.

खालून मंजिरी ठसकली.

शशिधरचा हात माऊसवर थांबला. योगायोग. त्यानं दुसरा उचलला. खाली सुरी थांबली. तिसरा. “कांदा आहे की काय आहे हा!” मंजिरी करवादली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. कांद्याचा वास आला होता तिला.

मग तो थांबला नाही. दहा, वीस, तीस. बाहेर दुपारचं पिवळट ऊन खिडकीवर आलं होतं, शेजारी कोणीतरी पाचोळा झाडत होतं, आणि हा शहाणासुरता माणूस बायकोचे श्वास एकेक करून जागेवर ठेवत होता. एक्केचाळिसावा बसला तसा खालून संतापलेला आवाज आला:

“शशी! माझा पंप कुठे ठेवलास? जीव घाबरा झालाय इथे!”

तो जिना तीन उड्यांत उतरला. मंजिरी ओट्याला धरून उभी होती. लाल झालेली, धापा टाकणारी, छातीचा भाता वरखाली. तिनं पंप ओढला, दोनदा, आणि हळूहळू सावरली. शशिधरनं तिच्या बोटाला चिमटा लावला. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसू लागला.

“मला दम लागतोय आणि तू हसतोस? माणूस आहेस की कोण आहेस?”

संध्याकाळी तो कॉम्प्युटर बंद करायला वर गेला. हिशोब जुळला होता. आत एक्केचाळीस, केरात शून्य. तरी सवय म्हणून त्यानं केराचा ट्रॅक शेवटपर्यंत बघितला.

गाणं संपून चाळीस सेकंदांवर एक तुकडा होता.

त्यानं तो कापला नव्हता. तिथे कापायला गाणंच नव्हतं. त्यानं हेडफोन लावले.

गाणाऱ्याचा आत जाणारा श्वास तेवढा ऐकू येतो; बाहेर जाणारा तर गाणंच झालेला असतो. हा बाहेर जाणारा होता. मंजिरीचाच, एकवीस वर्षं शेजारी झोपल्यावर ओळख लागतेच. लांब, सावकाश, कसलीही घाई नसलेला. तो संपला आणि शशिधर नकळत पुढच्या श्वासाची वाट बघू लागला. आत जाणाऱ्या. तो आला नाही.

मंडळाच्या जेवणात ज्या पेशंटांचा विषय शशिधर काढत नसे, असे चार होते. चौघांचाही असा एकेक श्वास त्याच्या कानात राहिलेला होता. त्यामुळे हा कसला आहे, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

डिलीटच्या बटणावर गेलेलं बोट त्यानं काढून घेतलं. कापलं की काय होतं ते त्यानं एकदा करून बघितलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा गाण्यापासून एकतीस सेकंदांवर होता.

आपल्यालाच नीट आठवत नसेल, असं म्हणून शशिधरनं आकडा कागदावर लिहिला. तिसऱ्या दिवशी बावीस. मग त्यानं माऊसनं तो पकडला आणि उजवीकडे ओढत, ओढत, एका तासावर नेऊन सोडला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा जवळ आलेला, मिनिटभराच्या अंतरावर. पुन्हा ओढला. लांब नेलं तर भराभर येई, जवळ ठेवलं तर सावकाश; पण चोवीस तासांत हटकून गाण्याच्या दाराशी येई. गाण्याला टेकला तर काय होईल? शास्त्राच्या माणसानं एकदा बघायला हवं होतं. शशिधरला कुतूहल पुष्कळ होतं. पण प्रयोगाला बायको एकच होती.

तर त्याचा दिनक्रम ठरला. दात घासायचे, वर जायचं, तुकडा लांब ढकलायचा, मग ट्रॅम पकडायची. बाकीच्या गाण्यांची अशी-तशी सीडी करून त्यानं मंडळाला सांगितलं, मंजिरीचं अजून मिक्स चालू आहे. मंजिरी वैतागली. पण तिला खरं काय सांगणार?

फेब्रुवारीत एडिनबराला कॉन्फरन्स आली. दोन दिवस, भाषण त्याचंच, टाळणं अशक्य. निघताना, दोन दिवस तरी निघतील या आशेवर, सॉफ्टवेअर नेईल तितक्या लांब, बारा तासांवर, त्यानं तो तुकडा नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता करताना त्याचा फोन वाजला.

“शशी, एक गंमत झाली.” मंजिरीचा आवाज बारीक होता. “आत्ता जिना चढत होते, मधेच श्वास सोडला, आणि परत घ्यायचा राहूनच गेला. किती वेळ गेला कोण जाणे. पोस्टमननं बेल वाजवली म्हणून भानावर आले.”

शशिधर खुर्चीवरून उठला. “वर जा. माझ्या खोलीत. कॉम्प्युटर चालू कर.”

“आत्ता? मला नाही बाबा कळत तुझं ते.”

“मंजिरी, जा!”

लग्नानंतर तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. ती गेली. मशीन सुरू होईपर्यंत तिचा श्वास त्याला फोनमध्ये ऐकू येत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर तो मोजत होता. आठ सेकंद. अकरा.

“उघडलं. रंगीबेरंगी पट्टे दिसतायत.”

“खाली बघ, ‘केर’ लिहिलंय. त्यावर एकच तुकडा आहे. कुठे आहे तो?”

“गाण्याला चिकटलाय जवळजवळ. बोटभर पण...” वाक्य तिथेच राहिलं. सोळा सेकंद. “...जागा नाही.”

“पकड त्याला. बटण सोडू नको. उजवीकडे ओढ.”

“किती?”

“जाईल तितका.”

टेबलावर माऊस घासल्याचा आवाज येत राहिला. मग पाण्यातून डोकं वर काढावं तशी तिनं खोल हवा ओढली.

ती म्हणाली, “शशी, हे काय आहे?”

“घरी येऊन सांगतो.”

भाषण न देता त्यानं मिळेल ती गाडी धरली. घरी येऊन सांगितलं, अर्धंमुर्धं, चाचरत. शेवटी मंजिरीनं फक्त विचारलं, “म्हणजे रोज सकाळी तू तेच करत होतास?”

“हो.”

“आणि मी समजत होते, तू माझ्या गाण्याच्या मागे लागलायस.”

७

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिधरला उशिरा जाग आली. प्रवासाचा शीण. तो धडपडत त्या खोलीत गेला तर कॉम्प्युटर चालूच होता, खुर्ची मागे सरकवलेली. तुकडा बारा तासांवर, अगदी कडेला नेऊन ठेवलेला.

तो खाली आला. मंजिरी चहा गाळत होती, आणि किटलीच्या वाफेशेजारी तिच्या तोंडाचीही वाफ दिसत होती, कारण हीटिंग अजून लावलं नव्हतं. इतकं सुंदर दृश्य त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“तू केलंस?”

“माझा आहे ना? मग मीच करेन आता.” ती कप भरत होती. “तुझाही केला.”

“माझा काय?”

“केराच्या खाली अजून एक ट्रॅक आहे. नाव नसलेला. स्क्रीन खाली सरकवून कधी बघितलंच नाहीस तू?” तिनं साखर घातली, ढवळली. “एकच तुकडा होता. मी हेडफोन लावून ऐकला. बाहेर सोडलेला श्वास, तुझाच.”

शशिधर खुर्चीत बसला. “कुठे होता?”

“आता लांब आहे.”

“ते नाही विचारलं मी. सरकवायच्या आधी कुठे होता?”

मंजिरीनं कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसून पहिल्यांदाच त्याच्या छातीकडे बघत राहिली, मोजत असल्यासारखी.

“चहा घे,” ती म्हणाली. “गरम आहे, फुंकून घे.”

शशिधरनं कप उचलला, फुंकर मारायला ओठ गोल केले, आणि तसाच थांबला.